चुडी की आटा?

प्रश्न असा आलाय की दादरला एकांच्या बाथरूमचा नळ गळत होता, प्लंबरने उघडून बघितलं आणि म्हणाला 'चुडी मर गयी है', तर ह्या चुडीला मराठीत काय म्हणायचं, की शब्दच नाही आपल्याकडे?

आहे की. आटा, म्हणजे नळाच्या, पाईपच्या किंवा स्क्रूच्या अंगावर गोल गोल चढत जाणारी खाच. पुल्लिंगी, अनेकवचन आटे, आणि बोलताना बहुतेक वेळा अनेकवचनच कानावर पडतं. आटे पाडणे, आटे झिजणे, आटे गेले. प्लंबर मराठी असता तर 'आटे गेलेत' म्हणाला असता, इतकंच. चपातीच्या आट्याशी ह्याची सांगड घालू नका, तो वेगळा शब्द, आणि आपल्या घरात त्याला पीठच म्हणतात.

माझे वडील परळला मिलमध्ये फिटर होते त्यामुळे चाळीतली पाण्याची कामं त्यांच्याच गळ्यात पडायची आणि मी बॅटरी धरून उभा. जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप वाईसमध्ये, म्हणजे शिकंजात आवळायचा, तोंडावर डाय, म्हणजे बाहेरून आटे पाडायचं हत्यार, चढवायची, वरून तेल सोडायचं, अर्धा फेरा पुढे की जरासा मागे, कारण सरळ रेटत गेलात तर कीस अडकतो आणि आटे तुटतात. मग त्यावर सुतळी गुंडाळून सफेदा, म्हणजे पांढरा लेप, फासायचा. आता टेफ्लॉन टेप आली, पण गुंडाळायची दिशा तीच, जोड आवळताना फिरेल तशी, उलटी गुंडाळली की आवळताना सगळी गोळा होऊन बाहेर येते.

हिंदीवाले चुडी का म्हणतात ते पाईप आडवा धरून बघा, हातात बांगड्या भरल्यासारखंच दिसतं. शब्द झकास आहे पण माझ्या मते थोडा फसवा, बांगडी बंद असते, ह्या खरंच बांगड्या असत्या तर दिवसभर फिरवूनसुद्धा नळ एक सूत आत गेला नसता. आटा हा एकच, चढत जाणारा. अर्धा इंची पाईपला इंचात 14 आटे, म्हणजे एका फेऱ्यात पावणेदोन मिलीमीटरच्या आसपास आत. एक इंचीला 11 आटे.

आणि हे अर्धा इंची प्रकरणसुद्धा गमतीचं आहे, तो पाईप बाहेरून मोजलात तर 21 मिलीमीटर भरतो, अर्धा इंच म्हणजे 12.7, कुठेच जुळत नाही, कारण नाव पडलंय ते जुन्या काळच्या आतल्या भोकावरून. उलट एसीवाल्याची अर्धा इंची तांब्याची ट्यूब बाहेरून बरोब्बर 12.7. तिची भिंत इतकी पातळ की तिच्यावर आटे पाडताच येत नाहीत, म्हणून तो तिचं तोंड कर्ण्यासारखं पसरवतो, त्याला 'फ्लेअर मारणे' म्हणतात, आणि आटे राहतात ते नटाला. त्यामुळे मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जाऊन नुसतं 'अर्धा इंची द्या' म्हणालात तर दुकानदार विचारणारच, कशाला पाहिजे?

आतले आटे आणि बाहेरचे आटे असंही बोलतात, दुकानात फिमेल-मेल. निपलला, म्हणजे जोडाच्या आखूड तुकड्याला, दोन्ही टोकांना बाहेरून, सॉकेटला, म्हणजे ज्यात पाईप किंवा नळ बसतो त्या जोडाला, आतून. आतून आटे पाडायचं जे हत्यार असतं त्याला टॅप म्हणतात, नळ नव्हे. हल्ली सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे पाईप सोल्युशन लावून चिकटवतात, आटे लागतात फक्त नळ बसतो तिथे, आणि त्या फिटिंगला प्लंबर एमटीए (बाहेरून आटे) नाहीतर एफटीए (आतून आटे) म्हणतो, म्हणून आटा हा शब्द आपल्या कानावर कमी यायला लागला असावा.

पेच हा शब्दही चालतो पण तो जास्त करून अख्ख्या स्क्रूसाठी. इंग्रजी 'थ्रेड'चं शब्दशः भाषांतर करून 'धागा' मात्र कृपा करून नको, मी एका नळाच्या खोक्यावर 'धाग्याला टेप लावा' असं छापलेलं वाचलंय. आणि कोणी एल्बोला, म्हणजे पाईप वळवायच्या जोडाला, कोपर म्हणा असं सुचवेल, म्हणा, पण काउंटरवर कोपर मागून बघा एकदा.

बाकी तुमच्या प्लंबरला एवढं विचारा की आटे नळाचे गेलेत की भिंतीतल्या सॉकेटचे. नळाचे असतील तर नळ बदलून भागेल. भिंतीतले असतील तर टाईल फुटणार.