हायब्रिड गाडी, नवा रेडिएटर आणि अडकलेली हवा

प्रश्न : माझी दुसऱ्या पिढीची टोयोटा प्रियस आहे, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली हायब्रिड. दगड लागून रेडिएटर फुटला, म्हणून नवा बसवून घेतला. तेव्हापासून डॅशबोर्डच्या मागून पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. हीटर लावला तर गाडी पळत असताना गरम हवा येते, सिग्नलला थांबलो की गार. अजून कुठलाही दिवा लागलेला नाही. गॅरेजवाले म्हणतात, "थोडी हवा राहिली असेल, चालवत राहा, आपोआप निघेल." निघेल का?

उत्तर : नाही निघणार. आणि तुमच्या गाडीत ती आपोआप निघेल म्हणून वाट बघणं मला अजिबात पसंत नाही. का ते सांगतो.

साध्या पेट्रोल गाडीत कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरून झालं की मेकॅनिक इंजिन चालू ठेवून निवांत उभा राहतो. तापमान ८० अंशांच्या पुढे गेलं की थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट अडवणारी झडप, उघडतो, कूलंट सगळीकडे फिरायला लागतं आणि हवा वर येते. तुमच्या गाडीत उभ्या उभ्या इंजिन चालूच राहत नाही. बॅटरी भरलेली असली की ते बंद पडतं, आणि या पिढीत इंजिनाचा वॉटर पंप पट्ट्यावर चालत असल्यामुळे इंजिनाबरोबर तोही थांबतो. बिचाऱ्या थर्मोस्टॅटला उघडायची संधीच मिळत नाही. इंजिन बंद असताना हीटरकडे कूलंट ढकलायला एक छोटा इलेक्ट्रिक पंप आहे, पण त्यात हवा शिरली की त्याचं पातं नुसतं हवेत फिरतं. सिग्नलला गार हवा येते ती यामुळेच. खळखळ ऐकू येते ती हीटर कोरमधली, म्हणजे डॅशबोर्डमागच्या, आतली हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमधली. तो उंचावर असतो, त्यामुळे उरलीसुरली हवा तिथेच जाऊन बसते.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. तुमच्या गाडीत कूलंटची दोन वेगळी सर्किट्स आहेत, एक इंजिनाचं आणि एक इन्व्हर्टरचं, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या भागाचं. या मॉडेलमध्ये दोन्हींचे रेडिएटर एकाच युनिटमध्ये जोडलेले असतात. म्हणजे रेडिएटर बदलताना दोन्ही सर्किट्स रिकामी झाली. गॅरेजवाल्यांना आधी एवढंच विचारा : "इन्व्हर्टरची हवा काढली का?" उत्तर द्यायला ते अडखळले, तर गाडी तिथेच ठेवा. इंजिन तापलं तर निदान दिवा लागतो, माणूस गाडी बाजूला घेतो. इन्व्हर्टर तापला तर गाडी एकदम ताकद सोडते, आणि तो पार्ट बदलायचा झाला तर बिल बघून डोळे पांढरे होतात.

म्हणून सुरुवात इन्व्हर्टरपासून. गाडी थंड हवी. इन्व्हर्टरची स्वतःची छोटी बाटली असते, तिचं झाकण उघडा आणि त्या सर्किटचा ब्लीडर (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करून त्यातून सलग कूलंट येईपर्यंत भरत राहा, मग ब्लीडर घट्ट करा. आता ब्रेकवर पाय न ठेवता पॉवरचं बटण दोनदा दाबा. गाडी 'रेडी' होत नाही, पण इन्व्हर्टरचा पंप चालू होतो. बाटलीत डोकवा. कूलंट उकळी फुटल्यासारखं घुसळताना दिसलं पाहिजे. पंप खरखरत असेल तर हवा अजून आत आहे. पातळी उतरेल तसं भरत जा. आवाज मंद झाला, बुडबुडे थांबले आणि पातळी स्थिर राहिली की काम झालं. फार वेळ असं ठेवू नका, बारा व्होल्टची बॅटरी उतरते. पृष्ठभाग नुसताच शांत असेल तर खुश होऊ नका. पंप बंद असू शकतो, किंवा हवेने पार अडकलेला. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०ए९३ (P0A93) हा कोड दिसला तर तो इन्व्हर्टरच्या कूलिंगबद्दलच बोलतोय. या सगळ्यात नारिंगी, म्हणजे जास्त व्होल्टच्या, वायरींना हात लावायची गरज कुठेच पडत नाही, तेव्हा लावू नका.

मग इंजिन. ब्लीडर सैल करून रेडिएटर भरा, वरचा आणि खालचा होज (रबरी नळी) हाताने दाबत राहा, जितकी हवा गार असतानाच निघेल तितकी बरी. ब्लीडर घट्ट करून झाकण लावा. हीटर सगळ्यात गरमवर ठेवा. आता इंजिन बंद पडू न देण्यासाठी मेंटेनन्स मोड हवा. तो मिनिटाच्या आत लावावा लागतो : पॉवर दोनदा, ब्रेकशिवाय, 'पी'मध्ये (पार्क) ॲक्सिलरेटर दोनदा पूर्ण दाबायचा, ब्रेक दाबून 'एन'मध्ये (न्यूट्रल) घेऊन पुन्हा दोनदा, 'पी'मध्ये परत आणून आणखी दोनदा, मग ब्रेक दाबून पॉवर. इंजिन सुरू होतं आणि सुरूच राहतं. या मोडमध्ये गाडी चालवायची नाही, ट्रान्समिशनची वाट लागते. वरचा होज चांगला गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. थोडा वेळ तसंच चालू द्या, मग बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. नंतरच झाकण उघडून भर घाला. दाबाखालचं कूलंट शंभर अंशांच्या वरही न उकळता थांबलेलं असतं. झाकण सुटलं की तेच तोंडावर येतं. खळखळ जाईपर्यंत हाच फेरा पुन्हा.

एक आडवळण : अमेरिकेत विकलेल्या या मॉडेलमध्ये गरम कूलंट साठवणारा एक थर्मास असतो, त्याला वेगळा पंप. तुमची गाडी तिकडून आलेली असेल तर त्या टाकीतली हवाही काढायला हवी, आणि गाडी बंद असली तरी त्यात भाजणारं कूलंट असतं हे ध्यानात ठेवा.

गॅरेजमध्ये व्हॅक्युम फिलर असेल तर मी तोच वापरायला सांगेन. तो आधी सर्किटमधली हवा ओढून घेतो आणि त्या निर्वातात कूलंट स्वतः शिरतं. सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्र्या-मांजरांना त्याची भुरळ पडते. भर घालताना कंपनीचं गुलाबी कूलंटच घाला. ते तयार मिसळलेलं येतं, त्यात पाणी ओतायचं नाही.

प्रश्न : माझ्या हायब्रिडमध्ये तीनदा हवा काढली. दोन दिवस बरं, मग पुन्हा खळखळ. कूलंटही हळूहळू कमी होतं, खाली मात्र थेंब नाही. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की थरथरतं.

उत्तर : चौथ्यांदा हवा काढू नका. ही राहिलेली हवा नाही, नवी तयार होते आहे. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलमधून, जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असावा, आणि रात्रभरात कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असेल म्हणून सकाळची थरथर. रेडिएटरच्या तोंडावर जळलेला वायू ओळखणाऱ्या निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. द्रव पिवळा पडला तर हेड उघडावंच लागेल. तोवर गाडी उभी ठेवा.