कॅमेरे असताना खोल समुद्रातले मासे मारून वर का आणायचे?

तुम्ही विचारलंय की खोल समुद्रातला मासा वर आणला की बहुधा मरतोच, मग आता पाण्याखालचे कॅमेरे एवढे चांगले झालेले असताना केवळ अभ्यासासाठी त्याला मारणं योग्य आहे का. शिवाय, जीवशास्त्र आवडतं पण हे करवणार नाही, अशा माणसाने काय करावं?

काही मोहिमांमध्ये जाळ्यात आलेले नमुने वेगळे करायचं काम मी केलंय. म्हणजे या पापात माझाही वाटा आहे, ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

माझं पहिलं जाळं वर आलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. सपाट, चिखलाच्या तळावर, दोन हजार मीटरच्या आसपास टाकलेलं जाळं. ते ओढून घ्यायलाच काही तास गेले. ट्रेमध्ये ओतलं तर छोटे लँटर्नफिश (अंगावर उजेडाचे ठिपके असणारे मासे) निम्मे सोलून निघालेले, खवले जाळ्यालाच घासून गेलेले. एका रॅटटेलचे, म्हणजे लांब निमुळत्या शेपटीच्या माशाचे, डोळे खोबणीतून बाहेर आले होते आणि जठर उलटं होऊन तोंडातून लोंबत होतं. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब कमी होत जातो, माशाच्या वाताशयातला (तरंगायला मदत करणाऱ्या पोटातल्या पिशवीतला) वायू फुगतो आणि समोर येईल ते बाहेर ढकलतो. दोन-चार माशांचे कल्ले अजून हलत होते. शेजारच्या सीनियरने काही न बोलता लवंगतेल मिसळलेल्या पाण्याची बादली माझ्याकडे सरकवली. लवंगतेलाने माशांना भूल चढते, आणि मात्रा जास्त ठेवली की ते त्यातून उठत नाहीत. "हलतंय ते आधी यात. फोटो नंतर," एवढंच तो म्हणाला.

(ब्लॉबफिशचा तो जगप्रसिद्ध लिबलिबीत फोटोही असल्याच प्रवासानंतरचा आहे. खाली, स्वतःच्या घरी, तो बऱ्यापैकी माशासारखा दिसतो. मेलेल्याचा फोटो काढून वर त्याला जगातला सर्वांत कुरूप प्राणी ठरवणं मला जरा खटकतंच.)

आता कॅमेऱ्याचं. २०२२ साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा खंदकात ८,३३६ मीटरवर एका स्नेलफिशचं चित्रीकरण झालं. इतक्या खोलवर मासा त्याआधी कधी दिसला नव्हता. पण नुसत्या चित्रीकरणावरून त्याची नेमकी प्रजाती सांगता आली नाही. उलट मारियाना खंदकातला स्नेलफिश २०१७ मध्ये रीतसर नवीन प्रजाती म्हणून नोंदवला गेला, कारण आमिष लावलेल्या सापळ्यांतून ३७ नमुने हाती आले होते. मासा काय खातो, अंडी किती धरतो, वय किती, हे आतलं आहे आणि कॅमेरा बाहेरूनच बघतो.

वयाचंच घ्या. ऑरेंज रफी या माशाची व्यापारी मासेमारी जोरात सुरू झाली, तेव्हा त्याचं आयुष्य इतर माशांसारखंच असेल असं धरलं गेलं होतं. पुढे त्याच्या कानातल्या खड्यांमधली (झाडाच्या खोडातल्यासारखी वयाबरोबर वाढणारी) वर्तुळं आणि किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजली, तेव्हा हा मासा शंभरी सहज ओलांडतो असं निघालं. तोवर कित्येक ठिकाणचे साठे उपसून झाले होते. ते खडे आधी नीट तपासले असते तर जाळी थोडी जपून पडली असती. आणि कानातला खडा जिवंत माशातून काढता येत नाही.

म्हणून सरसकट "मारू नका" हे मला पटत नाही. पण आमच्या लोकांचा "मासेमारीत टनावारी मरतात, आमचे चार मासे कुठे मोजता" हा युक्तिवादही पटत नाही. शेजाऱ्याचं घर लुटलं गेलं म्हणून मी तिथला चमचा उचलला तर तो माझा होत नाही.

माझ्या लेखी आकड्यापेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत. पहिली म्हणजे मासा कसा पकडला. सापळ्यात आमिषाला येणारेच प्राणी सापडतात. तळ खरवडणारं जाळं समुद्रातल्या डोंगरावर ओढलं तर चार हजार वर्षांहून जुनी काळी प्रवाळं दहा मिनिटांत भुगा होतात. तिथे जाळं टाकायला मी साफ नकार देईन, मासा कितीही दुर्मीळ असो.

दुसरी, पकडल्यावर त्याचं पुढे काय झालं. माझा खरा राग इथे आहे. एका संग्रहात (नाव नको) मला मागच्या कपाटातली एक बरणी दाखवली होती. आत पाच-सहा मासे, चांगले बोटभर दातांचे. चिठ्ठी आत होती, पण कोणीतरी ती बॉलपेनने लिहिलेली. शाई अल्कोहोलमध्ये विरघळून गेली आणि उरला कोरा, निळसर कागद. कुठला समुद्र, किती खोली, कोणतं साल, काहीच नाही. तसा मासा अभ्यासाला जवळपास निरुपयोगी. त्यांच्या मरणाचा हिशोब कोण देणार? खाल्ले असते तरी बरं झालं असतं.

मारलाच तर रंग उडायच्या आत फोटो, फॉर्मालिन या नमुने टिकवणाऱ्या द्रावणात घालण्याआधी मांसाचा तुकडा वेगळ्या अल्कोहोलमध्ये (फॉर्मालिनने डीएनए खराब होतो), जठर, खडे, सगळं नोंदवायचं, आणि मागेल त्याला द्यायचं. असं ठेवलं की पुढचे मासे वाचतात. सीलाकँथ या, कधीच नामशेष झाला असं समजल्या गेलेल्या माशाचं उदाहरण आहे. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ सापडल्यावर जो तो त्याच्या मागे लागला. पण तो शंभरएक वर्षं जगतो आणि मादी सुमारे पाच वर्षं पिल्लं पोटात वाढवते, हे कळलं २०२१ मध्ये, संग्रहालयात आधीच असलेल्या २७ नमुन्यांच्या खवल्यांवरून. त्यासाठी एकही नवा मासा मारावा लागला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. जाळ्याजवळ न जाता या विषयात आयुष्य काढणारे लोक आहेत. कोणी समुद्राच्या पाण्यात सुटलेला डीएनए गाळून खाली कोण राहतं ते शोधतं, कोणी चित्रीकरण तपासत बसतं, कोणी जुने नमुने. सुरुवात करायची तर एखाद्या संग्रहालयात जाऊन न ओळखलेल्या बरण्या आहेत का विचारा. असतातच. पेन्सिल मात्र स्वतःची घेऊन जा.