मुलाखतीला जाण्यापूर्वी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत बायकांच्या लैंगिक आयुष्याविषयी मुलाखती घेणार असाल, तर आधी एकांताची वेळ ठरवा. सासूबाई शेजारच्या खोलीत भाजी निवडत असताना मिळालेली उत्तरे, माझ्या मते, टाकाऊच असतात. २००० साली आलेल्या स्त्री-लैंगिक कार्य निर्देशांक (एफएसएफआय) या प्रश्नावलीचे १९ प्रश्न गेल्या चार आठवड्यांपुरतेच असतात, त्यामुळे नवरा परगावी नोकरीला असलेल्या बाईच्या बऱ्याच उत्तरांना शून्य गुण पडतात आणि ती धडधाकट असूनही कागदावर रुग्ण ठरते. अशी शून्ये वेगळी काढा. लैंगिक आरोग्याच्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी त्याच वर्षी मांडल्याप्रमाणे इच्छा अनेकदा जवळीक सुरू झाल्यावर जागी होते, म्हणून ‘आपणहून मनात येते का’ एवढ्यावर थांबू नका. इच्छा कमी असेल तर तिला स्वतःला त्याचा त्रास होतो का, हेही विचारा. २०१३ च्या डीएसएम-५ नुसार, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेनुसार, त्रासाशिवाय लैंगिक विकाराचे निदान होत नाही.