“आज सुट्टी आहे”

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. समर्थांवर श्रद्धा ठेवून दोन वर्षांपूर्वी मुलांना घरीच शिकवायचे ठरवले. मुलगा आता ९ वर्षांचा आहे, मुलगी ७ वर्षांची. दिवसाची सुरुवात मनाच्या श्लोकांनी होते, मग गणित आणि मराठी. सासूबाई सतत टोचून बोलतात. कोणी चौकशी केलीच, तर ‘आज सुट्टी आहे’ असे मुले सांगतात, मीच तसे शिकवले आहे. हल्ली माझाच धीर सुटतो. माझी श्रद्धा कमी पडते का?

उत्तर : ताई, सासूबाईंच्या बोलण्यावर तुम्ही दीड पान लिहिले आहे (ते येथे गाळले आहे) आणि मुलांच्या त्या उत्तरावर जेमतेम एक ओळ. मी त्या ओळीपाशीच थांबले. दोन वर्षे सुट्टी देणारी शाळा साताऱ्यात नाही, हे शेजारच्या काकूंना केव्हाच कळले असणार. फसवणूक चालली आहे ती फक्त तुमच्या घरात. सकाळी मुलगा एकोणिसावा श्लोक म्हणतो, ज्यात समर्थ मनाला सत्य सोडू नकोस असे बजावतात, आणि अकरा वाजता दारात कोणी उभे राहिले की आईने पढवलेले खोटे बोलतो. आपल्या वह्या, आपले पाढे, आपली आई हे सारे लपवण्याजोगे आहे, एवढेच तो यातून शिकतो. जे काम तुम्ही रोज दारात नाकारता, त्याबद्दल तुम्हाला तरी धीर कुठून येणार? त्याचे खापर सासूबाईंवर फोडू नका आणि श्रद्धेलाही मध्ये ओढू नका. मुलाचे अपूर्णांक कच्चे राहिले, तर तो हिशेब समर्थांचा नसून तुमचा आहे.

भीती कायद्याची असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या पाल्याला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे खरे, परंतु त्यात पालकांना शिक्षेची तरतूद नाही. वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीची परीक्षा देता येते; म्हणजे मुलाच्या हाती अजून ५ वर्षे आहेत.

उद्या सकाळी श्लोक संपले की दोघांना समोर बसवा आणि ‘तुम्हाला खोटे बोलायला लावले, ते माझे चुकले’ असे स्पष्ट शब्दांत सांगा. पुढच्या वेळी कडी वाजली की दार मुलालाच उघडू द्या, ‘आम्ही घरीच शिकतो’ असे त्यालाच म्हणू द्या, आणि काकू पुढे काहीही विचारोत, तुम्ही मात्र स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नका.