पेडल मऊ पडलं म्हणून 1 लाख 80 हजारांचं कर्ज?

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत नोकरी आहे. पगार हातात 45 हजार, घरखर्च 28 हजार, बँकेत शिल्लक 50 हजार. गाडी जुनी टर्बो हॅचबॅक. चोर्ला घाटात गोव्याकडे उतरताना ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. मोठ्या ब्रेकचं किट आणि 17 इंची चाकं मिळून 1 लाख 80 हजार सांगितलेत. 14 टक्क्यांनी 3 वर्षांचं पर्सनल लोन काढू का?

उत्तर : हप्ता साधारण 6,150 रुपये बसेल, व्याजापोटी 41 हजारांवर जातील. हप्ता झेपेल की हो, पण दुखणं वेगळं आणि औषध वेगळं असं झालंय.

पेडल दगडासारखं कडक आणि गाडी थांबत नाही, तर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरणारे पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खाली गेलं, तर बहुतेक फ्लुइड, म्हणजे पेडलचा दाब चाकापर्यंत नेणारं ब्रेकचं तेल, उकळलंय. फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट 4 या प्रकारच्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 230 अंश, ओल धरल्यावर 155 पर्यंतही उतरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! तुमचं शेवटचं कधी बदललं, आठवतंय का? एकदा गळती आणि पेडलला जोडलेला मास्टर सिलेंडरही बघून घ्या.

मोठी डिस्क उष्णता जास्त पचवते, हे खरं. 1200 किलोची गाडी 100 च्या वेगावरून थांबवायला सुमारे 460 किलोज्यूल जिरवावे लागतात, 140 वरून जवळजवळ दुप्पट. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर फेरीमागून फेरी मारणार असाल तर किट घ्या म्हणेन. पण एकदाच जोरात ब्रेक मारल्यावर आत्ताच एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागत असेल, तर तिथे मर्यादा टायरच्या पकडीची. डिस्क कितीही मोठी करा, गाडी त्याच जागी थांबणार.

आणि डिस्क बिडाची; बिडाचं वजन फाउंड्रीतल्या माणसाला मी काय सांगू? व्यास 256 वरून 312 मिलिमीटर केला, तर जाडी तीच ठेवूनही वजन जवळपास दीडपट. पॅड दाबणारे ॲल्युमिनियमचे कॅलिपर थोडं वाचवतील, 17 इंची चाकं ते परत घेतील. हे सगळं स्प्रिंगच्या खालचं वजन. खड्ड्यातून उडालेलं जड चाक रस्त्यावर उशिरा टेकतं, आणि टेकलं नाही तर ब्रेक कशाला धरणार? चोर्ल्याचा रस्ता पावसाळ्यानंतर कसा असतो, ते तुम्ही रोज बघणारी माणसं.

म्हणून फ्लुइड, चांगले पॅड आणि 15 इंचीच उत्तम टायर. माझ्या अंदाजाने 35 हजारांत बसेल. फ्लुइड-पॅड याच आठवड्यात करा, टायर दोन-तीन महिन्यांच्या बचतीतून. शिल्लक 50 हजार म्हणजे दोन महिन्यांचाही खर्च नाही, तिला हात लावू नका. हप्त्याचे 6,150 दरमहा रिकरिंगमध्ये टाका. एवढं करूनही किट घ्यायचंच ठरलं, तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि जुने ब्रेक भंगारात देऊ नका. गाडी विकताना किटचे पैसे कोणी धरत नाही.

तोवर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.