धाकट्याचीही टेस्ट करायची का?

प्रश्न: डॉक्टर, आमच्या ९ वर्षांच्या मुलीला मागच्या वर्षी टाइप १ डायबेटिस निघाला, डायरेक्ट आयसीयूतच न्यावं लागलं. धाकटा ४ वर्षांचा आहे. त्याला पुढे होणार का हे आधीच कळतं म्हणे? नणंद म्हणते जीन टेस्ट करून टाका, सासूबाई म्हणतात गोड बंद करा म्हणजे होणारच नाही. संत्रा बर्फीचा डबा लपवून ठेवतो आम्ही. (एक आई, मनीषनगर, नागपूर)

उत्तर: ताई, पहिले तो डबा बाहेर काढा बाप्पा. टाइप १ गोड खाल्ल्यानं होत नाही. स्वतःचीच इम्युनिटी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा सेल्स मारत सुटते, आणि हे शुगर वाढायच्या कित्येक महिने, कधी वर्षं आधीच सुरू झालेलं असतं, म्हणून तर आधी पकडता येतं.

सख्ख्या भावंडाला धोका १०० मध्ये साधारण ५-६, हा आकडा युरोप-अमेरिकेतला आहे, म्हणजे बहुतेकांना होतच नाही. जीन टेस्टनं फक्त कल आहे का तेवढं कळतं, त्यात पैसे घालू नका. टेस्ट करायची ती ॲन्टीबॉडीची, म्हणजे इम्युनिटीच्या या हल्ल्याच्या रक्तात दिसणाऱ्या खुणांची, आणि चारही: जीएडी, आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि इन्सुलिनची. नुसती जीएडी करून थांबू नका, लहान पोरांत बरेचदा इन्सुलिनवालीच पहिले दिसते. लॅबवाले 'डायबेटिस पॅकेज' म्हणून फास्टिंग आणि एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) करून देतात, त्यात हे कळत नाही.

मग रिपोर्ट कसा वाचायचा, तर किती ॲन्टीबॉडी निघाल्या ते मोजायचं. जर्मनी, फिनलंड आणि अमेरिकेतल्या मुलांचा एकत्र अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, त्यात दोन किंवा जास्त असलेल्या मुलांपैकी जवळपास ७० टक्क्यांना १० वर्षांत डायबेटिस झाला, एकच असलेल्यांत १५ टक्क्यांच्या आसपास. एकटी असली तर कधी कधी ती नाहीशीही होते, म्हणून काही महिन्यांनी परत करायची. एकही नाही निघाली तरी जन्माची सुट्टी नाही हं, पुढे मोठा होताना पुन्हा बघावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, कळून करायचं काय? थांबवायचा उपाय अजून नाही. टेप्लिझुमॅब नावाचं औषध अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालं, ते शुगर बिघडायला लागलेल्या पण त्रास सुरू न झालेल्या दुसऱ्या स्टेजला, तेव्हा ८ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी, आणि आजार साधारण दोनेक वर्षं पुढे ढकलतं. माझ्या मते खरा फायदा वेगळाच आहे, आधीपासून लक्ष राहतं, म्हणून मोठीसारखं आयसीयूतून सुरुवात व्हायची शक्यता कमी होते. पण रिपोर्ट आल्यावर रोज पोराचं बोट टोचत बसणार असाल तर आधी तुमच्या मुलांच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टशी (हार्मोनच्या डॉक्टरांशी) बोला, मग टेस्ट.

आणि आपल्याकडचा घोळ म्हणजे मे महिन्यात ४५ डिग्रीत पोरगं पाणी पाणी करतं तर कोणी लक्षच देत नाही. पण घाम गेला की लघवी कमी व्हायला पाहिजे ना! पाणीही जास्त, सू पण जास्त, वजन उतरतंय, बंद झालेलं गादी ओलं करणं परत सुरू झालं, तर मोठीचं ग्लुकोमीटर घरात आहेच, लगेच लावा. २०० च्या वर आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सकाळच्या फास्टिंगची वाट पाहू नका.

प्रश्न: आजोबांना साठीत शुगर निघाली, नातवाची ही टेस्ट करू का? (महाल, नागपूर)

उत्तर: नाही. आजोबांचा बहुतेक टाइप २ असणार, तो आजारच वेगळा. नातवाचं वजन बघा, त्याला खेळायला पाठवा.