भजनाच्या चाली लिलीपॉन्डने छापताना आधी शब्द फोडायला शिका

तुमचा प्रश्न असा, की गावच्या भजन मंडळाच्या पंधरा-वीस चाली स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीत), खाली देवनागरी शब्द देऊन, ए५ पुस्तिकेत छापायच्या आहेत. लिलीपॉन्ड या स्वरलिपी छापायच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने ते होईल का, आणि शब्द स्वरांखाली का बसत नाहीत?

होईल. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका मंडळात पेटी वाजवतो. गेली पाच वर्षं गणपतीच्या आधी आमची पुस्तिका मी यातच करतो. मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांची मुलं कीबोर्ड शिकलेली असतात, त्यांना स्टाफ वाचता येतो पण सरगम नाही. आमच्या बुवांचं नेमकं उलट. एका पानावर दोघांची सोय व्हावी, एवढ्यासाठी मी हे शिकलो.

लिलीपॉन्ड मोफत आहे, ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा भाग आहे. १९९६ साली दोन डच संगीतप्रेमींनी ते सुरू केलं, म्हणून स्वरांची मूळ नावंही डच पद्धतीची आहेत. सी म्हणजे सा धरला तर कोमल रे ‘डेस’, कोमल ग ‘एस’, तीव्र म ‘फिस’, कोमल ध ‘आस’, कोमल नी ‘बेस’. आठवडाभरात हात बसतो. माऊसने टिकल्या लावत बसायचं नाही; साध्या मजकुराची फाइल लिहायची आणि प्रोग्रॅम तिची पीडीएफ करून देतो. फ्रेस्कोबाल्डी नावाचा एडिटर घ्या. त्यात पानावरच्या स्वरावर क्लिक केलं की फाइलमधली तीच जागा उघडते. (कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती रोमनमध्येच टाइप करायची.)

आता शब्द. तुमचं घोडं इथेच अडलंय असं मला वाटतं. लिलीपॉन्ड एका स्वराला एक तुकडा देतो, आणि तुकडे कुठे पडतात ते तुम्ही सांगायचं असतं: मधे मोकळी जागा, दोन आडव्या रेघा, पुन्हा मोकळी जागा. ती जागा विसरलात तर अख्खा शब्द एकाच स्वराखाली जाऊन बसतो आणि पुढची ओळ सरकते. दुसरं, फोड गाताना होते तशी करायची, व्याकरणातली नाही. ‘विठ्ठल’ची फोड ‘विठ्’ आणि ‘ठल’ अशी केलीत तर छापताना पाय मोडलेला ठ उघडा पडतो. ‘वि’, ‘ठ्ठ’, ‘ल’ असं लिहा. जोडाक्षर नेहमी पुढच्या तुकड्याबरोबर अख्खं ठेवायचं. आणि बोलताना आपण शेवटचा अ गिळतो, पण भजनात ‘नाम’चा म स्वतंत्र स्वरावर येतो. म्हणून फोड करण्याआधी ओळ टाळ धरून मोठ्याने म्हणा. मी अजूनही म्हणतो.

एका अक्षरावर तीन-चार स्वर असतील तर ते स्लरने (स्वरांना जोडणाऱ्या कमानीने) बांधा, म्हणजे शब्द आपोआप थांबतो. अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर फॉन्टचं नाव फाइलमध्ये स्पष्ट द्या. नोटो सेरिफ देवनागरी चांगला चालतो. फाइल यूटीएफ-८ या युनिकोड प्रकारातच साठवा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेले अभंग चिकटवू नका, पुन्हा टाइप करा.

भातखंडे पद्धत, म्हणजे सरगम लिहायची आपली स्वरलिपी, लिलीपॉन्डमध्ये तयार मिळत नाही. पण शब्दांच्या ओळीसारखी आणखी एक ओळ जोडून तीत सरगम लिहिता येते. त्या ओळीला ‘इग्नोअर मेलिस्माटा’ ही सूचना द्यायला विसरू नका, नाहीतर स्लरखालचे स्वर सरगमातून गळतात. मला यात दोन रात्री गेल्या होत्या. खुणांसाठी आपली लिपीच उपयोगी पडते. वेदपाठात अक्षराखाली जी आडवी आणि वर जी उभी रेघ असते, ती युनिकोडमध्ये आहे: कोमल ग॒, तीव्र म॑. तार सप्तकाला अनुस्वार, सां. मंद्राला नुक्ता, ऩि. फॉन्टमध्ये या खुणा नीट उमटतात का, ते आधी एका ओळीवर बघून घ्या.

पट्टीचं काम सोपं आहे. सगळं सी धरून लिहा आणि शेवटी ‘ट्रान्सपोज’ करा. बुवांची पट्टी काळी एक असेल तर ‘सिस’वर नेऊ नका, सात शार्प (स्वर चढवायच्या खुणा) येतील, ‘डेस’वर न्या, पाच फ्लॅटमध्ये (उतरवायच्या खुणांत) भागतं. पेटीवर पट्टी तीच, पण वाचणाऱ्या पोराचा जीव वाचतो. रूपक तालासाठी सात मात्रांचे गट ३, २, २ असे टाइम सिग्नेचरबरोबरच (सुरुवातीच्या तालाच्या आकड्यांबरोबर) सांगता येतात.

ओळी कुठे तोडायच्या ते सगळ्यात शेवटी ठरवा. शब्द, सरगम, कागदाचा आकार आणि स्टाफचा आकार पक्का झाल्याशिवाय ‘ब्रेक’ टाकलात तर प्रत्येक दुरुस्तीला सगळं पुन्हा हलवावं लागेल. स्टाफचा मूळ आकार २० पॉइंट असतो, ए५ला मी १७ ठेवतो. मधे शिवायची पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत आणि आतला समास जास्त. पहिल्या वर्षी छापखान्यात ‘फिट टू पेज’ चालू राहिलं आणि दोनशे प्रती बारीक अक्षरात आल्या, तेव्हापासून एक नमुना पान मोजपट्टीने मोजल्याशिवाय मी होकार देत नाही. छापायला द्यायच्या पीडीएफमध्ये ‘पॉइंट-अँड-क्लिक’ (स्वरावर क्लिक करून फाइलमधली जागा उघडायची ती सोय) बंद करा, नाहीतर तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरची नावं तिच्यात जातात.

एक मनापासून सांगतो: मुखडा, अंतरा आणि गजराची मूळ चाल एवढंच लिहा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवा जे ऐनवेळी उभं करतात ते कागदावर बांधू नका. आम्ही एकदा आलाप लिहून काढले आणि पोरं तेच घोकून गायला लागली. पुढच्या वर्षी ते मी काढून टाकले.

सुरुवात एकाच गजराने करा. तो छापा, पेटीवर ठेवा, आणि मंडळातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मांडवातल्या ट्यूबलाइटखाली हातभर अंतरावरून वाचायला सांगा. ते अडखळले तर १७चे १८ करा, आणि मगच बाकीच्या चाली लिहायला घ्या.